श्यामच्या आईचं कर्ज

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मला मराठीतल्या इतर कुठल्याही कादंबरीपेक्षा जवळची आहे. म्हणूनच तिचं आपण जे करून ठेवलं आहे ते मला सहन होत नाही. बक्षीस समारंभात, मुंजीत, निरोप समारंभात हे पुस्तक कुणाच्या हातात ठेवताना एक वाक्य ठरलेलं असतं: गरिबीतही मुलांवर संस्कार कसे करावेत हे या माउलीकडून शिकावं. आमच्या दापोली तालुक्यात तर हे वाक्य अंमळ जास्तच अभिमानाने म्हटलं जातं, कारण पुस्तक आमच्या मातीतलं आहे. गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899चा, पालगडचा. श्याम, म्हणजे पुस्तकातले गुरुजीच, इंग्रजी शिकायला आला तो दापोलीत. लाडघरच्या तामस्तीर्थावर या पुस्तकात एक अख्खी रात्र, म्हणजे एक अख्खं प्रकरण, आहे. इतकं आपलं असलेलं हे पुस्तक आपण अर्धंच वाचतो आणि उरलेल्या अर्ध्यात जे लिहिलं आहे त्याच्या बरोबर उलट गोष्ट मुलांना शिकवतो, असं माझं म्हणणं आहे.

अर्धं वाचतो हे मी उगाच म्हणत नाही. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. कुणालाही विचारा, त्यातलं काय आठवतं? मुक्या कळ्या तोडल्या म्हणून आईने समजावलं, ती तिसरी रात्र. पोहायला जायला घाबरतो म्हणून तिने शिंपटीने झोडपलं, ती बारावी. मीठ घालायला विसरलेली भाजी वडिलांनी चकार शब्द न काढता खाल्ली, ती अठरावी. निबंध स्पर्धा, एकपात्री, कथाकथन, सगळं याच रात्रींच्या आसपास फिरतं. विसाव्या रात्रीच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही. आणि पलीकडे काय आहे? बत्तिसाव्या रात्रीचं नाव ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. तेहेतिसावी ‘गरिबांचे मनोरथ’. छत्तिसावी ‘तेल आहे, तर मीठ नाही!’. सदतिसावी ‘अब्रूचे धिंडवडे’. मग आईचं शेवटचं दुखणं, आणि परगावी शिकणारा श्याम घरी पोचतो तेव्हा त्याच्या वाट्याला आईची राख येते.

ही नावं नुसती ओळीने वाचली तरी पुस्तक कशाबद्दल आहे ते समजतं. गरिबीत माणूस घडतो, असं सांगणाऱ्या लेखकाने आपल्या प्रकरणाला नरक हे नाव दिलं नसतं. गुरुजींनी ते दिलं, कारण तो नरक त्यांनी घरात बघितला होता. नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत त्यांनी या आठवणींचा बहुतेक भाग लिहून काढला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती. इतक्या वर्षांनंतर तुरुंगाच्या कोठडीत बसून माणूस घाईघाईने लिहितो तेव्हा जे आत रुतून बसलेलं असतं तेच कागदावर येतं. आईची माया जशी आली तशी ओटीवर येऊन बसलेला सावकाराचा माणूसही आला.

ती बत्तिसावी रात्र पुन्हा एकदा काढून वाचा. वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसला आहे. त्याला पानावर वाढायचं, त्याची सरबराई करायची आणि त्याचं बोलणंही ऐकून घ्यायचं. घरातल्या बाईचा अपमान होईल असं तो बोलतो तेव्हा आत असलेली आई बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालता हो म्हणून सांगते. तिसऱ्या रात्री फुलांबद्दल हळुवार बोलणारी हीच बाई. तिचा तो संताप आपण कुठल्याच स्पर्धेत मुलांना सादर करायला देत नाही. मला तो पुस्तकातला सगळ्यात मोठा क्षण वाटतो. आणि त्याहून महत्त्वाचं तिने आधी सांगून ठेवलेलं असतं: एखादा जमिनीचा तुकडा विकून टाकावा, पण हे कर्ज डोक्यावर ठेवू नये. वडिलांना ते पटत नाही. जमीन विकणं म्हणजे अब्रू गेली, ही आमच्याकडची जुनी समजूत. पुढे कर्ज वाढत जातं, आणि शेवटी अब्रू जमिनीसकट जाते.

हिशेब त्या घरात एकट्या आईला कळला होता. तो अमलात आणण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता.

एका किनाऱ्यावरच्या गावात, आमच्या वाचनालयाच्या उपक्रमात, मी आठवीच्या वर्गात ही रात्र वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर नेहमीसारखं आईची महती सांगणारी दोन-तीन उत्तरं आली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, “पण बाई, कागदावर सही कोणाची होती? आईची का बाबांची?” मी म्हटलं, वडिलांचीच असणार, त्या काळी बायकांना कोण विचारत होतं. ती जरा वेळ उभी राहिली. “आमच्याकडं आईचीच असते,” एवढं म्हणून खाली बसली. वर्गातल्या आणखी चार-पाच मुलींनी माना डोलावल्या.

त्या मुलीचा प्रश्न घेऊन मी पुस्तक पुन्हा वाचलं. श्यामच्या आईचं स्वतःचं असं त्या घरात काय होतं? एकत्र कुटुंबातून बाहेर पडल्यावर झोपडी उभी राहिली ती तिच्या अंगावरच्या दागिन्यांवर. म्हणजे स्त्रीधन विकायला तिची परवानगी पुरेशी होती, पण शेताचा तुकडा विकून घर वाचवायला तिचं मत मोजलं जात नव्हतं. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित का होईना हिस्सा मिळायला 1937चा कायदा यावा लागला. बाईला मिळकतीची पूर्ण मालकी 1956च्या वारसा कायद्याने आली. श्यामची आई त्याच्या कितीतरी आधी, 1917 साली गेली. कर्ज घेताना तिला कुणी विचारलं नाही. ते फेडण्यासाठी मात्र तिचे दागिने, तिची पोटभर झोप, तिचे कष्ट आणि शेवटी तिची तब्येत वापरली गेली. तिच्या मोठेपणाने माझं मन भरून येतंच. पण त्या मोठेपणावर तिचं अख्खं घर जगत होतं, हे मुलांना न सांगता तिची नुसती पूजा शिकवणं मला बरोबर वाटत नाही.

आता आजचा किनारा बघा. हर्णै बंदरात लिलाव लागतो तेव्हा मासळी उचलायला हातात पैसा लागतो. टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या किंवा बाजारात पाट मांडणाऱ्या बाईकडे तो रोज असतोच असं नाही. होडीच्या इंजिनाचं काम निघतं, पोराची कॉलेजची फी येते, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा चूल तर पेटवावीच लागते. वर डोंगराच्या अंगाला राहणाऱ्यांची वेगळी रड. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका गटाला पंधरा-वीस नावं सर्रास असतात. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, काहींच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत. अशा सामायिक जमिनीवर बँक कर्ज द्यायला तयार होत नाही, आणि जमीन कसणाऱ्या माणसाच्या हातात तारण ठेवायला दुसरं काही नसतं. मग बिनतारणाचं कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा माणूस मोटारसायकलवरून वाडीत येतो. पाच-सात-दहा बायकांचा गट करायचा, आधार कार्ड द्यायचं, एकमेकींना जामीन राहायचं. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरलेल्या वेळी कुणाच्या तरी पडवीत जमायचं आणि हप्ता भरायचा. एकीकडे पैसे नसतील तर बाकीच्यांनी वर्गणी काढून तिचा हप्ता पुरा करायचा, नाहीतर पुढचं कर्ज कुणालाच नाही.

बँकेशी जोडलेल्या बचत गटांची गोष्ट वेगळी, हे मला माहीत आहे. नाबार्डने 1992 साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. त्या वाटेने आमच्याकडच्या कित्येक बायका पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या. त्यांचे कोकम, कुळीथ पीठ, पापड यांचे व्यवसाय उभे राहिले. ते बघून आनंदच होतो. मी बोलते आहे ते गरजेपोटी एकावर एक घेतलेल्या हप्त्यांच्या कर्जाबद्दल, ज्याचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असणं नेहमीचं झालं आहे. या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2022पासून नवे नियम लागू केले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर ते कर्ज या प्रकारात येतं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीच्या माणसाने अपशब्द वापरायचे नाहीत, धमकवायचं नाही, सकाळी 9च्या आधी आणि संध्याकाळी 6नंतर फोन करायचा नाही. हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बत्तिसाव्या रात्रीतली ती ओटी आठवली. वसुलीच्या माणसाने कर्जदाराच्या दारात कसं बोलावं हे 2022 साली देशाच्या मध्यवर्ती बँकेला लिहून द्यावं लागतं, याचा अर्थ ती रात्र अजून संपलेली नाही. हा नियम किती बायकांना माहीत आहे? पडवीतल्या बैठकीत मी विचारलं तेव्हा एकीनेही तो ऐकलेला नव्हता.

आणि इथे त्या आठवीतल्या मुलीचं बोलणं लागू पडतं. श्यामच्या घरात जमीन वडिलांची होती, कर्जही वडिलांचं होतं, आई फक्त भोगत होती. आज सही बाईची, फोटो बाईचा, हप्त्याचं कार्ड बाईच्या नावाचं. घर, होडी, बाग मात्र बहुतेक ठिकाणी अजून नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शंभर वर्षांत कर्ज तेवढं बाईच्या नावावर चढलं, मिळकत चढली नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला गावोगावच्या शेतकऱ्यांना सांगितलं, सरकारनेही पुढे त्याच नावाची योजना आणली. आमच्याकडे मात्र ते वारं फार आलं नाही. जिथे भावाभावांची नावंच नीट लागलेली नाहीत तिथे बायकोच्या नावाचा विषय कोण काढणार?

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या बागा नातवांनी करवतीने कापून बाजूला केल्या. सुपारीचं रोप लावलं तर उत्पन्नाला येईपर्यंत सहा-सात वर्षं बघायला नको. या मधल्या वर्षांत घर कशावर चालणार? सरकारी कर्जमाफीच्या योजना, 2017ची असो की 2019ची, मुख्यतः पीककर्जाच्या. ज्या घराला पीककर्ज मिळालंच नव्हतं, ज्या बाईने गटातून कर्ज घेऊन छपरावर पत्रे घातले, तिचं नाव त्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. अशा घरात जाऊन आपण ‘श्यामची आई’ भेट देतो आणि सांगतो, गरिबीतही मन मोठं ठेवावं. हे बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ऐकणाऱ्या बाईला त्यातून एवढंच कळतं की तिने आणखी सोसावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे.

या पुस्तकावर दोन बाजूंनी टीका होते. पहिली टीका अशी की पुस्तक रडकं आहे आणि बायकांना त्यागाच्या मखरात बसवतं. तरुण मुली हे बोलतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांना शाळेत जे दाखवलं गेलं ते मखरच होतं. पण त्यांनी बत्तिसावी रात्र वाचावी एवढंच मी सांगते. नवऱ्याला स्पष्ट सांगणारी, सावकाराच्या माणसाला दारातून उठवणारी, पोराला भीतीपोटी मागे राहू न देणारी ही बाई मखरातली नाही. आणि त्या घरात अश्रू इतके का आहेत याचंही उत्तर तिथेच आहे. ज्या बाईला सगळं दिसतं आणि काहीच ठरवता येत नाही ती रडेल नाहीतर काय करेल? पुस्तक रडकं म्हणणाऱ्याने तिच्या जागी स्वतःला ठेवून बघावं.

दुसरी टीका जास्त खोल आहे, आणि ती मी टाळणार नाही. श्यामचं घर खोताचं होतं. कोकणातला खोत म्हणजे कुळांकडून धान्य आणि मक्ता वसूल करणारा, सरकार आणि कसणारा यांच्या मधला माणूस. म्हणजे ज्या घराच्या गरिबीवर आपण डोळे पुसतो ते घर कधीकाळी दुसऱ्यांच्या गरिबीवर उभं होतं. गुरुजींनी हे पुस्तक लिहिलं 1933च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, याच कोकणात, अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांमधल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. खोतांची जमीन कसायची नाही, असं ठरवून ती माणसं वर्षानुवर्षं ठाम राहिली. करवंदं, लाकूडफाटा, मिळेल ती मजुरी यांवर दिवस काढले, पण नांगर धरला नाही. संप मिटायला 1939 साल उजाडलं. मधल्या काळात, 1937 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा झाला तो 1949मध्ये. एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी: एक कोसळलेल्या खोताच्या घरातली, दुसरी खोतासमोर उभ्या राहिलेल्या कुळांची. पहिली आपल्या प्रत्येक घरात आहे. दुसरी आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलांनाही बहुधा माहीत नसते.

मग पुस्तक बाजूला ठेवायचं का? मला तसं वाटत नाही, कारण पुस्तकाच्या आतच त्या दुसऱ्या कहाणीकडे जाणारी वाट आहे. पाचवी रात्र मथुरीची. मथुरी त्या घरी भात कांडायला येणारी कांडपीण. ती तापाने पडली की श्यामची आई तिची काळजी घेते, आणि आपण आईच्या दयेचं कौतुक करून पुढच्या रात्रीकडे वळतो. वर्गात इथे थांबायला हवं. मथुरीच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का, कांडणाचे तिला काय मिळत होते, तिच्या डोक्यावर कुणाचं कर्ज होतं? खोताच्या बायकोजवळ विकायला पाटल्या तरी होत्या, मथुरीकडे काय होतं? हे प्रश्न विचारल्याने श्यामच्या आईचं काही कमी होत नाही. स्वतः गुरुजींनी तेच प्रश्न पुढे आयुष्यभर विचारले. खानदेशातल्या शेतकऱ्यांमध्ये राहून ‘आता उठवू सारे रान’ लिहिणारे, शेतकऱ्याचं राज्य यावं म्हणणारे, 1947 साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसणारे गुरुजी हेच. आईकडून शिकलेली माया त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर नेली आणि तिथे ती कुळाच्या, मजुराच्या, दलिताच्या हक्काची झाली. आपण मात्र गुरुजींनाच परत उंबऱ्याच्या आत आणून बसवलं आहे.

हे कर्जाचं पुस्तक म्हणून वाचायला लागलं की ते किती मोठं आहे हे कळतं. आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी बायकांना आईचा तो सल्ला वाचून दाखवला, तुकडा विकून कर्जातून मोकळं होण्याचा. मला वाटलं होतं सगळ्या तिच्या बाजूने बोलतील. तसं झालं नाही. मोठं भांडणच पेटलं. एक म्हणाली, आई बरोबर होती, व्याज झोपत नाही. दुसरी तिच्यावर तुटून पडली: “जमीन गेली की परत येते काय गो? आमच्या सासऱ्यांनी रोडलगतचा गट दिला मुंबईच्या माणसाला, आता त्याच्याच बंगल्यात झाडलोट करतो आम्ही.” तिसरीचं म्हणणं, जमिनीवर आपलं नाव असतं तर विकायची का ठेवायची ते आपण ठरवलं असतं, नवऱ्यांनी केलेल्या व्यवहारावर आपण कशाला भांडायचं. महामार्गाचं रुंदीकरण, समुद्राकडेची रिसॉर्टं, गुंठ्याचे भाव, मुंबईत बसून सही करणारे चुलत दीर, सगळं त्या चर्चेत आलं. भाकरी थापायची वेळ झाली म्हणून बायका उठल्या, पण वाद मिटला नव्हता. कोकणात जमीन विकावी की न विकावी हा आजचा सगळ्यात ज्वलंत प्रश्न आहे, आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाने तो नवरा-बायकोच्या संभाषणात नेमका पकडून ठेवला आहे. त्या बायकांपैकी कुणी पुस्तक पुरं वाचलेलं नव्हतं. तरी त्यांना ते आपलं वाटायला चार परिच्छेद पुरले.

कुणी म्हणेल, गुरुजींनीच हे पुस्तक आईच्या प्रेमाचं म्हणून वाचकांच्या हाती दिलं, मग त्यात अर्थशास्त्र कशाला घुसडायचं? मला यात घुसडणं दिसत नाही. प्रेम हे त्या पुस्तकात हवेत तरंगत नाही. तेल असलं तर मीठ नसलेल्या स्वयंपाकघरात, आजारी अंगाने काम करत राहणाऱ्या हातांत, जप्तीच्या दवंडीचं ढोलकं वाजलं की घरात तोंड लपवणाऱ्या बाईत ते आहे. ते स्वयंपाकघर आणि ते ढोलकं काढून टाकलं तर उरतं ते सुविचाराच्या फळ्यावर लिहिण्यापुरतं. गुरुजींच्या निधनाला साठ वर्षं झाल्यामुळे 2011पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पानं कमी करायची असतील तर दुसरीकडची करा, बत्तिसावी आणि सदतिसावी रात्र कापू नका. पाठ्यपुस्तकासाठी उतारे निवडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. आठवी-नववीच्या मुलांना चक्रवाढ व्याज गणितात येतंच. त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला ही रात्र आली, आणि मुलांनी घरच्या कर्जाचं कार्ड कसं वाचायचं, मुद्दल किती, व्याज किती, वसुलीच्या माणसाला काय करायची मनाई आहे हे शिकून घेतलं, तर गुरुजींच्या आईचा यापेक्षा चांगला सन्मान मला सुचत नाही.

शिक्षकांपुढे हे मांडलं की एक काळजी नेहमी पुढे येते, आणि ती खरी आहे. वर्गात कर्जबाजारी घरातली मुलं असतात. जप्ती, वसुली, दवंडी यांबद्दल वाचलं तर त्यांना लागेल, बाकीची मुलं त्यांच्याकडे बघतील. सदतिसावी रात्र नेमकी याच प्रसंगाची आहे. घराच्या जप्तीची दवंडी गावात फिरते, मराठी शाळेजवळ ढोलकं वाजतं, आणि वर्गातली मुलं श्यामच्या धाकट्या भावाला चिडवायला लागतात. त्या पोराला किती लागलं असेल ते गुरुजींना ठाऊक होतं, तरी त्यांनी ते लपवलं नाही, सगळ्या महाराष्ट्रापुढे ठेवलं. आज ज्या मुलाच्या दारात वसुलीचा माणूस येऊन गेला आहे ते मूल वर्गात गप्पच बसलेलं असतं. आपण विषय काढला नाही म्हणून त्याचं दुःख कमी होत नाही, त्याला फक्त एकट्याने सांभाळावं लागतं. ज्यांची तसबीर कार्यालयात लावली आहे, ज्यांच्या जयंतीला आपण हार घालतो, त्यांच्याच घरावर दवंडी पिटली गेली होती हे त्या मुलाला कळू द्या, आणि त्याच्याकडे वळून बघणाऱ्या मुलांनाही कळू द्या. जयंती 24 डिसेंबरला येते. त्या दिवशी भाषणं थोडी कमी केली तर एका तासिकेत दोन्ही रात्री वाचून होतात.